आधी परवाना, मग पहिला धडा

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. मुलाने आता सुट्टीत गाडी शिकून घ्यावी, हा तो विषय. ऊन कलल्यावर वडील, काका किंवा थोरला भाऊ त्याला शाळेच्या पटांगणावर अथवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जातो. क्लच हळूहळू कसा सोडावा, गिअर केव्हा बदलावा, ब्रेकवर पाय कसा ठेवावा, एवढे सांगून झाले की शिक्षण पुरे होते. आठवड्याभरात मुलगा हमरस्त्यावर येतो; पंधरा दिवसांत दुधाचे कॅन अडकवून संकलन केंद्रावर जाऊ लागतो; आणि पोरगा हाताशी आला म्हणून घरात त्याचे कौतुक होते. परवान्याची आठवण पुढे कधीतरी, चौकात वाहतूक पोलिसाने अडविल्यावर किंवा नोकरीच्या अर्जात तो रकाना आल्यावर होते. मग एजंटाकडे कागदपत्रे दिली जातात आणि ज्याला गाडी चालविता येऊन दोन वर्षे लोटली, त्याच्या हाती गाडी शिकण्याचा परवाना पडतो.

हा उलटा क्रम इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही गैर आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. शिकाऊ परवाना म्हणजे पक्का परवाना मिळविण्यासाठी भरावयाचा एक जादा अर्ज, सरकारने उगाच मध्ये घातलेली एक पायरी, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती फार महाग पडणारी आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि जवळजवळ दोन तृतीयांश मृत १८ ते ४५ या वयोगटातील होते. या सर्व मृत्यूंचे कारण एकच आहे, असे कोणीही म्हणणार नाही. रस्त्यांची रचना, वेगाची हौस, मद्यपान, हेल्मेटविषयीची बेफिकिरी अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु नियम कळण्यापूर्वीच गाडी हाती घेण्याची सवय या बहुतेक कारणांच्या मुळाशी आहे, हे नाकारता येणार नाही.

शिकणे हेही चालविणेच

सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमान्वये सार्वजनिक ठिकाणी परवान्यावाचून मोटार वाहन चालविण्यास मनाई आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकणे हेही चालविणेच होय. शिकणाऱ्याला या मनाईतून सूट मिळते ती केवळ तीन अटींवर, आणि त्या अटी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट नमूद आहेत. पहिली अट, त्याच्याजवळ मुदतीतील शिकाऊ परवाना असला पाहिजे. दुसरी, त्याच्यासमवेत वैध परवाना असलेला शिक्षक असला पाहिजे आणि गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असला पाहिजे. तिसरी, गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर असले पाहिजे. या फलकाची बाजू किमान १८ सेंटीमीटर आणि अक्षराची उंची किमान १० सेंटीमीटर असावी, इतका तपशीलही नियमकर्त्यांनी देऊन ठेवला आहे.

या तीन अटींमागील विचार साधा आहे. नवशिक्याची गाडी आणि तरबेज माणसाची गाडी या दोहोंचे वजन सारखेच असते, वेगही सारखाच घेता येतो आणि समोरच्या पादचाऱ्याला लागणारा धक्काही सारखाच असतो. फरक असतो तो केवळ चालविणाऱ्याच्या तयारीत. म्हणून ही उणीव तीन बाजूंनी भरून काढण्याची योजना कायद्याने केली आहे. चालविणाऱ्याला निदान नियम ठाऊक असावेत, त्याची चूक सावरणारा जाणता माणूस शेजारी असावा आणि रस्त्यावरील इतरांना आगाऊ सूचना मिळावी, अशी ही योजना आहे. परवाना नंतर काढावयाचा असे ठरले, की ही तिन्ही संरक्षणे एकाच वेळी नाहीशी होतात. ज्याच्यापाशी शिकाऊ परवाना नाही तो ‘एल’चा फलक लावीत नाही, कारण तो लावल्यास पोलिसाचे लक्ष जाईल अशी त्याला धास्ती असते. फलक नाही म्हणून मागून येणारा वाहनचालक सावध होत नाही. आणि एकट्याने गाडी नेता आली म्हणजेच गाडी आली, अशी व्याख्या एकदा झाल्यावर शिक्षकही गळतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गाडी हाती नसताना नियम पाठ करून काय उपयोग? पोहणे काय पुस्तक वाचून येते? आक्षेपात थोडे तथ्य आहे. रस्ता न पाहिलेल्या माणसाला ‘मार्गिका’ या शब्दाचा अर्थ रस्त्यावरच नीट उमगतो. परंतु पोहण्याचे उदाहरण घ्यावयाचेच, तर ते पुरते घेतले पाहिजे. खेड्यापाड्यांत पोराला विहिरीत सोडताना त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधण्याची रीत होती. भोपळा बांधल्याने पोहता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असे. पण शिकताना बुडू नये यासाठी तो असे. पोर सराईत झाल्यावर त्याच्या पाठीला भोपळा बांधण्याचा खुळेपणा कोणी करीत नसे. शिकाऊ परवाना हा तो भोपळा आहे. तो पहिल्या दिवशी हवा. शिवाय या दोन शिक्षणांत एक मोठा भेद आहे. कच्चा पोहणारा स्वतः बुडतो. कच्चा वाहनचालक दुसऱ्याला बुडवितो.

परीक्षेत काय विचारले जाते

शिकाऊ परवान्यासाठी जी प्राथमिक परीक्षा घेतली जाते, तिचे विषय नियमांनीच ठरवून दिले आहेत. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल व नियम. वाहनास अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये. रखवालदार नसलेले रेल्वेचे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी. आणि गाडी चालविताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे, हे ते विषय होत. साठ टक्के उत्तरे बरोबर आली, की उमेदवार उत्तीर्ण होतो. ही कसोटी कडक आहे, असे कोणी म्हणणार नाही. उलट जी चाळीस टक्के उत्तरे चुकली, त्यांत रुग्णवाहिकेला वाट देण्याचा किंवा पादचारी पट्ट्यावर थांबण्याचा प्रश्न असू शकतो, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. तरीही ही परीक्षा निरर्थक ठरत नाही. पहिल्यांदा गाडीला हात लावण्यापूर्वी माणसाला एकदा तरी शांतपणे बसून या गोष्टींचा विचार करावयास लावणारा हा एकमेव प्रसंग असतो.

त्यांतील दुसरा विषय तर विशेष महत्त्वाचा आहे. अपघातानंतर जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून देणे, ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. कायद्याच्या १३४ व्या कलमात ती सांगितली आहे. पटांगणावर क्लच आणि ब्रेक शिकविणारा काका ही गोष्ट सांगत नाही. कदाचित त्यालाही ती ठाऊक नसते. मग प्रसंग आला, की घाबरलेला मुलगा गाडी तशीच सोडून किंवा घेऊन पळ काढतो आणि वेळेवर रुग्णालयात पोहोचला असता तर वाचला असता असा माणूस रस्त्यावर पडून राहतो. त्या पळण्यामागे नेहमीच दुष्टपणा असतो असे नाही. आपण काय करावयास हवे, हे त्या मुलाला कोणी कधी शिकविलेलेच नसते.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्या मुलाला प्रारंभी जामीन देताना बाल न्याय मंडळाने रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि त्यावर देशभर संताप उसळला. तो संताप रास्तच होता. परंतु त्या निबंधातील खरी विसंगती शब्दसंख्येची नव्हती, ती वेळेची होती. रस्त्यावर काय घडू शकते याचा विचार गाडी हाती घेण्यापूर्वी करावयाचा असतो. कायद्याने त्यासाठी वयाची मर्यादा घातली आहे, परीक्षा ठेवली आहे आणि शिकण्याचा काळ नेमून दिला आहे. दोन घरे उद्ध्वस्त झाल्यानंतर लिहिलेल्या निबंधाने काहीही साधत नाही.

विम्याचा कागद

सार्वजनिक सुरक्षिततेची भाषा ज्यांच्या मनाला भिडत नाही, त्यांनी निदान घरच्या हिशेबाचा विचार करावा. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत वाहन कोणी चालवावे याविषयी एक कलम असते. वैध शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही वाहन चालवू शकेल, मात्र तिने केंद्रीय नियमांतील तिसऱ्या नियमाच्या अटी पाळल्या पाहिजेत, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. म्हणजे ज्या कागदाला जादा कागद समजून बाजूस सारले जाते, तोच विम्याच्या संरक्षणाचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरनसिंग प्रकरणात दिलेल्या निकालात शिकाऊ परवाना हाही कायद्याच्या अर्थाने परवानाच होय, असे स्पष्ट केले. चालकाजवळ केवळ शिकाऊ परवाना होता, एवढ्या कारणावरून विमा कंपनीला जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. उलटपक्षी, परवानाच नसलेल्या माणसाच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली असेल, तर कंपनीने अपघातग्रस्ताला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण कंपनीला देऊ शकते.

याचा अर्थ सामान्य कुटुंबाच्या बाबतीत काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. रस्त्याने जाणारा एखादा कमावता माणूस मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर भरपाईची रक्कम लाखांच्या घरात जाते. विम्याचे छत्र गेले, की ती शेतीच्या तुकड्यातून, राहत्या घरातून किंवा निवृत्तीच्या पुंजीतून उभी करावी लागते. मुलाला सुट्टीत गाडी शिकविण्याची घाई करणाऱ्या बापाच्या ध्यानात ही गोष्ट क्वचितच आलेली असते.

दंडाची व शिक्षेची बाबही आता पूर्वीसारखी क्षुल्लक राहिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी परवान्यावाचून गाडी चालविल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. तो पाच हजार रुपये झाला. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच दंड आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, अशी कडक तरतूद याच दुरुस्तीने केली. मात्र त्या मुलाजवळ शिकाऊ परवाना असेल आणि त्या परवान्यात बसणारेच वाहन तो चालवीत असेल, तर पालकावरील ही जबाबदारी लागू होत नाही, असा अपवादही त्यातच आहे. त्याचा फायदा घेऊ पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या दुचाकीपुरताच असतो. आज घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोलच्या बिनगिअरच्या स्कूटर बहुधा १०० सीसीच्या पुढच्या आहेत. अठरा पूर्ण होण्याआधी त्या मुलाच्या हाती देण्यास कायद्यात आधार नाही.

घरबसल्या परीक्षा

एके काळी या उलट्या क्रमाचे एक सबळ कारण सांगितले जात असे. परिवहन कार्यालय जिल्ह्याच्या गावी, तालुक्यातील शिबिर महिन्यातून ठरावीक दिवशी, एक दिवसाचा रोजगार बुडणार आणि एवढे करून एखादा कागद कमी पडला तर पुन्हा खेप. या तक्रारीत खोटे काही नव्हते. परंतु २०२१ साली महाराष्ट्रात आधार ओळखीच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळविण्याची सोय झाली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. ज्या दिवशी गाडी शिकण्याचे मनात आले, त्याच दिवशी अर्ज करता येतो. म्हणून ‘आधी शिकू, मग परवान्याचे पाहू’ म्हणण्यास आता सबब उरलेली नाही.

तथापि, या सोयीने एक प्रश्न सोडविताना दुसरा निर्माण केला आहे. संगणकासमोर कोण बसले आहे, हे यंत्राला ओळखता येईल. शेजारी बसून उत्तरे कोण सांगत आहे, हे त्याला दरवेळी कळेलच असे नाही. अर्ज भरून देणाऱ्यानेच परीक्षाही ‘करून’ दिली, तर परवाना हाती येतो, ज्ञान मात्र येत नाही. परवाना आधी काढण्याचा आग्रह धरावयाचा आणि त्यासाठीची परीक्षा मात्र पोकळ होऊ द्यावयाची, यात काही अर्थ नाही. सोय काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास खेड्यातील माणसालाच त्याचा फटका बसेल. पक्क्या परवान्याच्या चाचणीस उमेदवार प्रत्यक्ष हजर असतो. त्या वेळी मोटार वाहन निरीक्षकाने त्याला चिन्हांविषयी व अपघातप्रसंगीच्या कर्तव्यांविषयी चार प्रश्न तोंडी विचारावेत आणि ज्याला ती उत्तरे येत नाहीत त्याला परत अभ्यासास पाठवावे. असे एकदा होऊ लागले, की घरची परीक्षा दुसऱ्याकडून देववण्यात काही लाभ नाही, हे आपोआप कळू लागेल.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची जबाबदारीही येथे मोठी आहे. फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याला स्टेअरिंगवर बसवावयाचे आणि परवान्याचा अर्ज सवडीने करावयाचा, असा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. विद्यार्थ्यालाही घाई असते आणि शाळेलाही. परंतु गाडीवर रंगविलेला ‘एल’ हा आत बसलेल्या माणसाच्या परवान्याची खूण असावयास हवा. तो परवानाच नसेल, तर त्या अक्षराला शाळेच्या जाहिरातीपलीकडे काही किंमत राहत नाही. खाजगी मोटारीचे शिक्षण किमान २१ दिवसांचे व त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास असावेत, असे नियम सांगतात. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस होईपर्यंत पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. या आकड्यांची सांगड सहज लागते. पहिल्या दिवशी परवाना, मग महिनाभर रोजचा सराव आणि मग चाचणी, असा हा आखीव क्रम आहे. जो आधीच शिकून आला, त्याच्यासाठी हे तीस दिवस सरावाचे न राहता निव्वळ वाट पाहण्याचे होतात आणि मग कायदा त्याला जाचक वाटू लागतो.

दुचाकीची अडचण

दुचाकीच्या बाबतीत मात्र कायद्यातच एक उणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. मोटारीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक बसविता येतो. मोटारसायकलच्या मागील आसनावर बसलेल्या शिक्षकाला गाडी थांबविण्याचे कोणते साधन असते? शिकाऊ चालकाने शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणास मागे बसवू नये, असा नियम आहे. परंतु तो शिक्षक प्रत्यक्षात फार काही करू शकत नाही. दुचाकी शिकविणाऱ्या शाळाही फारशा नाहीत. ज्या वाहनावर सर्वाधिक माणसे मरतात, त्याच वाहनाचे शिक्षण सर्वाधिक वाऱ्यावर सोडलेले आहे.

ही अडचण दाखवून परवान्याचा आग्रह सोडून द्यावा, असे मात्र कोणी म्हणू नये. उलट जेथे शिक्षकाचा हात पोहोचत नाही, तेथे शिकणाऱ्याच्या मनात नियम आधीपासून रुजलेले असणे अधिकच आवश्यक ठरते. स्वतःच्या शेतात किंवा बंद आवारात तोल सावरण्यास शिकावे, त्याला कायद्याची हरकत नाही. परंतु कुंपण ओलांडून गाडी रस्त्यावर आली, की परवाना हवा आणि ‘एल’ही हवा. तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांची पटांगणे आहेत. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी तेथे परिवहन खात्याने वर्षातून दोनदा जरी शिबिर भरविले, देखरेखीखाली प्राथमिक परीक्षा घेतली आणि दुचाकीचे काही तास प्रत्यक्ष शिकविले, तर खर्च फार होणार नाही. इंजिनापेक्षा ब्रेकची ओळख आधी झालेली एक पिढी तरी त्यातून रस्त्यावर येईल.

सरकारकडे बोट दाखवून कुटुंबाची सुटका मात्र होत नाही. गाडीची किल्ली सरकारच्या हाती नसते. ती घरातल्या खुंटीवर असते. मुलाने किल्ली मागितली, की वडीलधाऱ्याने एकच प्रश्न विचारावा, ‘परवाना काढलास का?’ हा प्रश्न मुलावर अविश्वास दाखविणारा नाही. रस्त्यावरून शाळेत जाणारी दुसऱ्याची मुले आपल्या मुलाइतकीच मोलाची आहेत, एवढेच त्यातून त्याला कळते. गाडी शिकण्याचा खरा पहिला धडा तोच आहे आणि तो किल्ली हाती पडण्यापूर्वीच शिकवावा लागतो.